साचेखात्याचा उंबरठा

मुंबईच्या कापडगिरणीत साचा, म्हणजे यंत्रमाग, चालविणाऱ्या विणकराच्या हातून पाळीभर पुनःपुन्हा घडणारी एक क्रिया होती. धोट्यातील कांडीवरचे सूत संपले की तो साचा थांबवी, रिकामी कांडी काढून भरलेली बसवी, धोटा तोंडाशी नेऊन त्याच्या कडेच्या बारीक छिद्राला ओठ लावी आणि श्वास आत ओढी. त्या श्वासाबरोबर सुताचे टोक छिद्रातून बाहेर आले की ते बोटांनी पुढे खेचून धोटा पुन्हा साच्यात घाली. पापणी लवते न लवते तोच हे सारे उरके. विणलेल्या कापडाच्या मापावर वेतन घेणाऱ्या माणसाला सूत सावकाश ओवीत बसणे परवडणारे नव्हते, आणि म्हणून लँकेशायरपासून परळपर्यंत हीच रीत रूढ झालेली होती. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ साली ती कायद्याने मना केली, कारण एकाच धोट्याला अनेकांचे ओठ लागल्याने रोगाचा प्रसार होतो अशी तेथील आरोग्यवेत्त्यांची खात्री झाली होती. मुंबईत त्याच ओठांवरून जो आक्षेप उभा राहिला तो निराळ्या जातीचा होता.

धोटा साच्याबरोबर राही, माणसाबरोबर नव्हे. आज एका विणकराने ओठ लावलेला धोटा उद्या त्याच्या जागी आलेल्या बदली कामगाराच्या तोंडी जाई. म्हणून ज्या जातींना समाजाने अस्पृश्य ठरविले होते त्यांतील कामगाराने साचेखात्यात पाऊल ठेवू नये, अशी सवर्ण विणकरांची अट होती, आणि ती कोठल्याही हुकूमनाम्यात लिहिलेली नसतानाही पिढ्यान्‌पिढ्या पाळली जात होती. साचेखाते हे गिरणीतील सर्वांत चांगल्या मिळकतीच्या खात्यांपैकी एक. त्याचे दार बंद झाल्याने महार कामगाराच्या वाट्याला बहुतांशी सूतकताईची खाती आणि त्यांहून हलक्या वेतनाची कामे आली. या वहिवाटीतील विसंगती इतकी उघड होती की ती त्या काळी फारशी कोणाच्या डोळ्यांत भरली नाही, याचेच आज नवल वाटते. जे सूत विणकर श्वासाबरोबर स्वतःच्या ओठांशी ओढून घेत होता, ते कातखात्यात ज्यांच्या हातांखालून तयार होऊन आले होते त्यांत महारांचे हात पुष्कळ होते. त्या हातांचे सूत ओठांना चालत होते, मात्र ते हात शेजारच्या साच्यावर चालत नव्हते.

या एका उंबरठ्याभोवती गिरणगावच्या एकजुटीचा इतिहास फिरतो असे माझे मत आहे. समान हेतूने माणसे भेद विसरतात असे आपण सहज म्हणतो. पण कोणता हेतू, आणि तो साधण्यासाठी कोणाला काय सोडावे लागते, हा प्रश्न त्याच श्वासात विचारण्याची आपल्याला सवय नाही.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिली कापडगिरणी काढण्याचा उपक्रम केला आणि दोन वर्षांनी ताडदेवला ती चालू झाली. पुढच्या अर्धशतकात ताडदेव, भायखळा, परळ, लालबाग, वरळी या टापूत धुराड्यांचे रान माजले, आणि त्यांखाली जो समाज एकत्र आला तो कोणी योजून एकत्र आणलेला नव्हता. रत्नागिरीच्या खोती, म्हणजे वतनदार खोताच्या ताब्यातील, गावांतून कुणबी व मराठे आले, साताऱ्या-कोल्हापूरकडून घाटावरचे शेतकरी आले, उत्तरेकडून मोमीन विणकर येऊन मदनपुऱ्यात वसले, तेलंगणातून पद्मशाली आले, आणि कोकण-देशांतल्या महारवाड्यांतूनही माणसांचा ओघ लागला. गावाकडे बायकामुले ठेवून आलेल्या पुरुषांनी एकेका खोलीत दाटीने राहावे, एकाच गावच्या वा एकाच जातीच्या बाईच्या खाणावळीत जेवावे, आणि ज्या जॉबरने कामाला लावले त्याच्या मर्जीत राहावे, असा एकंदर क्रम होता. जॉबर म्हणजे खात्यावरचा मुकादम. भरती त्याच्या हाती, बडतर्फी त्याच्या हाती, अडीअडचणीला व्याजाने पैसे देणाराही बहुधा तोच, आणि या साऱ्याबद्दल दस्तुरी घेणाराही तोच. स्त्रियांच्या वाइंडिंग व रिळिंग खात्यांत हेच काम नायकीण करी. स्वतःच्या गावची, नात्याची, जातीची माणसे गोळा करणे जॉबरच्या सोयीचे होते, कारण अशा माणसांवर त्याचा दुहेरी धाक राही. मालकांना तर भरतीची यातायात आयतीच टळत होती. अशा रीतीने गावातले भेद गिरणीच्या दारातून आत आले, आणि एकेका खात्यावर, पाण्याच्या एकेका पिंपावर त्यांची पुन्हा वाटणी झाली.

तथापि या विविध जनसमूहाला समान असे एक दुःख होतेच, आणि ते सर्वांत आधी ज्याने ओळखले तो पुरुष म्हणजे नारायण मेघाजी लोखंडे. १८४८ साली ठाण्यास जन्मलेले, जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे निष्ठावंत कार्यकर्ते, १८८० पासून ‘दीनबंधु’ पत्राचे चालक, आणि काही काळ स्वतः गिरणीत नोकरी केलेले लोखंडे यांना कामगाराची गाऱ्हाणी ऐकीव माहितीवरून समजावून घ्यावी लागली नाहीत. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी परळला कामगारांच्या सभा भरविल्या आणि सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनपुढे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांची दरखास्त ठेवली. तीत काय मागितले होते? आठवड्यातून रविवारची सुटी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती. सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम. मागील महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. आणि काम करताना जायबंदी झालेल्याला बरा होईपर्यंत वेतन. आपल्याला आज या मागण्या अगदी साध्या वाटतात. पण सूर्योदयाला यंत्राशी उभ्या राहणाऱ्या आणि सूर्यास्तापर्यंत उभ्याच राहणाऱ्या माणसाला आठवड्यातला एक दिवस स्वतःचा म्हणून मिळणे म्हणजे देह आणि संसार यांची पुन्हा भेट होणे होते. सहा वर्षे हा प्रश्न लोखंड्यांनी सोडला नाही. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले, त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली, आणि त्याच वर्षीच्या १० जून रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली.

लोखंड्यांच्या या यशाची मीमांसा करताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. रविवार कोणत्याही एका जातीचा नव्हता. खंडोबाचा वार म्हणून तो मराठ्यालाही प्रिय होता आणि धनगरालाही; पण ज्याला खंडोबाशी कर्तव्य नव्हते त्या मोमिनालाही सुटी सारखीच मिळणार होती. सवर्णाला मिळालेल्या रविवारातून महाराचा रविवार वजा होत नव्हता. जे द्यायचे ते मालकाने द्यायचे होते. एका कामगाराने दुसऱ्यासाठी काही सोडण्याचा प्रसंगच या मागणीत नव्हता. लोखंड्यांची दृष्टी याहून पुष्कळ व्यापक होती यात शंका नाही. १८९३ च्या हिंदु-मुसलमान दंग्यानंतर दोन्ही समाजांत सलोखा व्हावा म्हणून त्यांनी जे परिश्रम केले त्यांची दखल सरकारने रावबहादूर ही पदवी देऊन घेतली. १८९७ च्या फेब्रुवारीत प्लेगने त्यांचा अंत केला. तेव्हा ते पन्नाशीलाही पोहोचलेले नव्हते.

पुढे १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा गिरण्यांतील कामगार वर्षाला एक याप्रमाणे सहा दिवस काम सोडून बसले. तो प्रसंग देशाच्या इतिहासात मोठा आहे. परंतु त्या एकीचे उगमस्थान गिरणीच्या बाहेर होते, आणि सहा दिवस संपल्यावर प्रत्येकजण आपापल्या खात्यावर पूर्ववत उभा राहिला.

गिरणीच्या आतूनच उठलेली आणि सर्व खात्यांना व्यापणारी पहिली मोठी एकजूट पाहायची तर १९२८ सालाकडे यावे लागते. महायुद्धानंतरची तेजी ओसरली होती, जपानी कापडाची स्पर्धा वाढली होती, आणि खर्चात काटछाट करण्याच्या हेतूने काही गिरण्यांनी, विशेषतः ससून समूहाने, दोन साच्यांऐवजी तीन साचे एका विणकराने पाहावेत आणि सूतकताईतल्या कामगाराने एकाऐवजी दोन बाजू सांभाळाव्यात अशी पद्धत सुरू केली. याचा अर्थ प्रत्येक कामगार मनातल्या मनात लावीत होता: तीन साचे एकाकडे गेले की दर तिसरा माणूस रस्त्यावर. त्यात जुनी दुखणी होतीच. एका दिवसाच्या खाड्याला दोन दिवसांचा पगार कापला जाई, त्याला कामगार ‘डबल खाडा’ म्हणत. विणताना कापडात दोष राहिला तर ते कापड विणकराच्याच गळ्यात मारून त्याची किंमत पगाराच्या बटवड्यातून वळती करून घेतली जाई. एप्रिल संपण्यापूर्वी जवळजवळ सर्व गिरण्या बंद पडल्या आणि सुमारे दीड लक्ष कामगार संपावर होते. हा संप ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, म्हणजे जवळजवळ सहा महिने चालला.

या संपाच्या नेतृत्वाची घडण मोठी बोधप्रद आहे. ना. म. जोशी हे भारत सेवक समाजाचे, सनदशीर मार्गावर दृढ श्रद्धा असलेले गृहस्थ. त्यांच्या संघटनेचा सार्वत्रिक संपाला प्रारंभी विरोधच होता. दुसऱ्या बाजूस डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर ही तरुण साम्यवादी मंडळी, आणि त्यांच्याबरोबर अर्जुन आत्माराम आळवे यांच्यासारखा गिरणीतच वाढलेला कामगार पुढारी, ज्याच्या अध्यक्षतेखाली त्या मे महिन्यात लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन स्थापन झाली. एकमेकांच्या विचारसरणीवर ज्यांचा काडीचाही विश्वास नव्हता असे हे दोन पक्ष एका संयुक्त संपसमितीत बसले, सतरा मागण्यांचा एक मसुदा त्यांनी सिद्ध केला, आणि मालकांशी वाटाघाटी करताना ती समिती अखेरपर्यंत फुटली नाही. जोशींना मालक व सरकार यांच्या दप्तरांत मान होता, कायद्याची भाषा अवगत होती. तरुणांचा चाळीचाळींतून, मैदानामैदानांतून राबता होता. ज्याला जे येत होते ते त्याने केले आणि दुसऱ्याचे मत पालटण्याच्या खटपटीत वेळ दवडला नाही. एकत्र काम करणाऱ्या माणसांमधला हा समंजसपणा मला फार मोलाचा वाटतो, आणि संपाच्या इतिहासात त्याचे श्रेय जोशींना जितके मिळायला हवे तितके दिले जात नाही.

परंतु पुढाऱ्यांचे मतभेद ज्या तडजोडीने मिटले त्या तडजोडीने साचेखात्याचा प्रश्न मिटणारा नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो प्रश्न सरळ संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. सर्व कामगारांच्या नावाने तुम्ही लढता. मग अस्पृश्य कामगाराला गिरणीतल्या सर्व खात्यांत काम करण्याचा हक्क आहे, हेही तुमच्या मागण्यांत असले पाहिजे, नाहीतर या वर्गाने संपात का राहावे? धनंजय कीर यांनी आंबेडकरांच्या चरित्रात नमूद केल्याप्रमाणे पुढाऱ्यांनी ही मागणी नाखुशीने मान्य केली, आणि मालकांपुढे ती गेली तेव्हा त्यांनी ती थट्टेवारी नेली: हा अन्याय असेल तर तो करणारे आम्ही नव्हे. मालकांच्या या उत्तरात त्यांचा कावा होता हे खरे. ज्या भेदांवर जॉबरची भरती चाले आणि जॉबरच्या भरतीवर गिरणी चाले, त्या भेदांपासून मालक नामानिराळे राहू शकत नव्हते. पण त्या उत्तराला जे टोक होते ते कामगारांच्या वर्मी लागणारे होते, कारण रविवारची सुटी मालकाने द्यायची होती, आणि साचेखात्यातली जागा सोबत्याने द्यायची होती. तीन साचे नकोत असे म्हणणारा विणकर ज्या वेळी दोन साच्यांतला एक साचा शेजाऱ्याच्या हाती देण्याच्या प्रश्नाशी येऊन ठेपला, त्या वेळी समान हेतूची खरी कसोटी लागली. पुढारी त्या कसोटीला नाखुशीने का होईना उभे राहिले; साचेखाते उभे राहिले नाही.

संपाचे ओझेही सर्वांच्या खांद्यांवर सारखे पडले नाही. एप्रिल ते ऑक्टोबर हा काळ म्हणजे कोकणात भाजावळीच्या अखेरीपासून भाताच्या कापणीपर्यंतचा काळ. ज्याच्या घरी चार गुंठे जमीन होती, निदान खोताच्या शिवारात कूळ म्हणून कसायला काही होते, तो बोटीने गावी गेला, पेरणी-लावणी केली, आणि पोटाला लावून संप निभावला. संपसमितीने धान्यवाटपाची केंद्रे उघडली होती. परदेशांतील कामगार संघटनांकडून, त्यांत रशियातील कापडकामगारांकडूनही, पैसा आला होता. पण सहा महिने पुरेल इतके ते नव्हते, आणि गावीही ज्याच्या वाट्याला जमीन नव्हती त्याला मुंबईतच राहून सावकाराच्या दारात जाणे भाग होते. अशांमध्ये महार कामगारांची संख्या मोठी होती. संपाच्या सभेत दोघेही शेजारी बसत असत. रात्री चुलीशी गेल्यावर त्यांच्या संपांत महदंतर पडे.

ऑक्टोबरात न्यायमूर्ती फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमण्याचे ठरून संप मिटला, आणि पुढचे काही महिने लाल बावट्याच्या भरभराटीचे गेले. आरंभी तीनशे चोवीस सभासद असलेली युनियन त्या वर्षाच्या अखेरीस चौपन्न हजारांवर गेली. गिरणीगिरणीतून समित्या स्थापन झाल्या, त्यांत निरनिराळ्या खात्यांचे प्रतिनिधी बसू लागले, आणि जॉबरच्या मर्जीने सुटणारी भांडणे या समित्यांपुढे येऊ लागली. कातखात्यातला माणूस आणि साचेखात्यातला माणूस एका तक्रारीवर एकत्र विचार करीत बसणे, ही गोष्ट त्या काळाच्या मानाने लहान नव्हती. या समित्यांना आणखी पाच-दहा वर्षे लाभती तर त्यांतून काय निष्पन्न झाले असते याची कल्पना करताना मन हळहळते. पण १९२९ च्या फेब्रुवारीत शहरात हिंदु-मुसलमानांचा भीषण दंगा झाला. २० मार्चला साम्यवाद्यांवरील मीरत कटाच्या खटल्यात डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर आणि आळवे यांच्यासह युनियनचे बहुतेक अनुभवी पुढारी पकडले गेले. आणि २६ एप्रिलला, फॉसेट समितीचा अहवाल येऊन महिना उलटतो न उलटतो तोच, नवख्या पुढाऱ्यांनी दुसरा सार्वत्रिक संप पुकारला.

या दुसऱ्या संपाला आंबेडकरांनी स्पष्ट विरोध केला, त्यांच्या वर्गातील कामगारांनी कामावर परतावे म्हणून प्रयत्न केले, आणि ‘बहिष्कृत भारता’तून आपली भूमिका मांडली. त्यांच्यावर त्या वेळी फुटीरपणाचा आरोप झाला. माझ्या मते तो आरोप करणाऱ्यांनी आदल्या वर्षीच्या मसुद्यातील त्या एका नाखुशीच्या मागणीचे पुढे काय केले, हे आधी सांगायला हवे होते. सहा महिन्यांच्या उपासमारीत ज्याने साथ दिली, त्याला परत कामावर गेल्यावर तेच खाते आणि तेच निराळे पिंप मिळाले. त्याच्याजवळ दुसऱ्यांदा त्याच हेतूची हाक घेऊन जाताना, आपण मागच्या खेपेचे देणे लागतो, ही जाणीव कोणाच्या तोंडी नव्हती. तो संप सप्टेंबरापर्यंत विस्कटून गेला आणि त्याच्याबरोबर युनियनही खिळखिळी झाली.

नऊ वर्षांनी गिरणगावाने निराळे दृश्य पाहिले. १९३६ साली आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला होता, दुसऱ्या वर्षी कायदेमंडळात खोतीच्या निर्मूलनाचे विधेयक आणले होते, आणि १९३८ च्या जानेवारीत कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कायदेमंडळावर आला तेव्हा त्यात कुणबी कूळ आणि महार शेतमजूर बरोबरीने चालले होते. हेच ते कुणबी, ज्यांचे भाऊ आणि मुलगे परळ-लालबागच्या साचेखात्यांत उभे होते. खोताविरुद्धच्या लढ्यात गावी जो परिचय झाला तो मुंबईला येताना गाडीतून वा बोटीतून उतरवून ठेवता येण्यासारखा नव्हता. त्याच वर्षी मुंबई प्रांताच्या खेर मंत्रिमंडळाने औद्योगिक कलहांविषयीचे विधेयक आणले. त्यात तडजोडीची प्रक्रिया सक्तीची करून तिच्या मुदतीत केलेला संप गुन्हा ठरविला होता. संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याचाच हक्क होय, अशा आशयाची आंबेडकरांची त्या विधेयकावरील कायदेमंडळातील मांडणी प्रसिद्ध आहे. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाच्या संपाची हाक स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट या दोघांनी मिळून दिली. स्वतंत्र मजूर पक्षाचे स्वयंसेवक आणि लाल बावट्याचे स्वयंसेवक सकाळपासून गिरण्यांच्या दारांवर एकत्र होते, आणि सायंकाळी कामगार मैदानावर आंबेडकर, डांगे आणि जमनादास मेहता एकाच व्यासपीठावर बसले. त्या दिवशी गोळीबार झाला, माणसे दगावली, आणि विधेयक तर बहुमताच्या बळावर मंजूर झालेच.

१९२९ साली आपल्या माणसांना कामावर जा म्हणून सांगणारा पुढारी १९३८ साली त्यांना बाहेर थांबा म्हणून सांगत होता. दरम्यान त्या माणसांना स्वतःचा पक्ष मिळाला होता, कायदेमंडळात स्वतःचे प्रतिनिधी मिळाले होते, आणि संपाचा निर्णय होण्यापूर्वी त्यांचे मत घेणे भाग पडले होते. १९२८ साली ते मागण्यांच्या यादीतील एक कलम होते, दहा वर्षांनी ते ती यादी करणाऱ्यांपैकी होते. साचेखात्याचा प्रश्न त्या दिवशीच्या संपात नव्हता, आणि त्या एका दिवसाने तो सुटलाही नाही; स्वातंत्र्यानंतर संविधानाने अस्पृश्यता नाहीशी केल्यावरही गिरणीगिरणीतून, खात्याखात्यातून तो वर्षानुवर्षे निराळा सोडवावा लागला.